पहिली गुंडी

सकाळची वेळ असते. चार वर्षांचे एक मूल सदऱ्याच्या गुंडीशी झटत असते. भुवया आक्रसलेल्या, जीभ किंचित बाहेर आलेली आणि सारे लक्ष दोन बोटांच्या चिमटीत एकवटलेले. गुंडी काजाजवळ येते, कडेला अडखळते आणि निसटते. पुन्हा प्रयत्न आणि पुन्हा तेच. इतक्यात आई लगबगीने येते. बालवाडीची वेळ झालेली असते. ती मुलाचे हात हळूच बाजूला सारते आणि पाहता पाहता पाचही गुंड्या लावून मोकळी होते. सदरा अंगावर नीट बसतो. परंतु मूल मात्र रडू लागते. घरातील माणसे म्हणतात, 'केवढे हे हट्टी मूल!' पण तो हट्ट नसतो. जे काम त्या मुलाचे होते, ते कोणीतरी त्याच्या हातून काढून घेतलेले असते.

मोठ्या मुलांना कपडे घालणे हे काम आहे असे वाटतही नाही. अंगात सदरा चढतो, बोटे आपोआप फिरतात आणि मन भलत्याच विचारात गुंतलेले असते. परंतु ही सहजता जन्मतः आलेली नसते. गुंडी लावण्याची क्रिया एकदा अगदी सावकाश करून पाहावी, म्हणजे तीत किती पायऱ्या दडलेल्या आहेत, हे ध्यानात येते. प्रथम कोणती गुंडी कोणत्या काजाची, हे ठरवावे लागते. ते चुकले, की सदऱ्याची एक बाजू वर आणि दुसरी खाली राहते. मग एका हाताने काजाजवळचे कापड घट्ट धरावे लागते. दुसऱ्या हाताने गुंडी तिरपी करून तिची कड काजात सारावी लागते. येथवर अर्धेच काम झालेले असते. आता दोन्ही हातांनी कामाची अदलाबदल करावयाची असते. कापड धरणाऱ्या हाताने काजातून डोकावणारी गुंडी पकडावयाची आणि गुंडी ढकलणाऱ्या हाताने कापड धरावयाचे. शेवटी गुंडी एकीकडे आणि कापड दुसरीकडे ओढावयाचे.

लहान मुले बहुधा चौथ्या पायरीवर अडतात. गुंडी अर्धी आत जाते. पण ती पकडण्यापूर्वीच पहिली चिमटी सुटते आणि गुंडी मागे फिरते. मोठ्या माणसांच्या हातांची ही अदलाबदल इतक्या वेगाने होते, की पाहणाऱ्या मुलाला ती दिसतच नाही. 'माझ्याकडे बघ आणि तसे कर,' असे सांगून म्हणूनच फारसे साधत नाही. जे दिसत नाही, त्याचे अनुकरण तरी कसे करावे?

या अडचणीचा बारकाईने विचार करणाऱ्यांत डॉ. मारिया माँटेसरी यांचे नाव अग्रभागी आहे. त्यांचा जन्म १८७० साली इटलीतील कियाराव्हाले या गावी झाला. १८९६ मध्ये त्यांनी रोमच्या विद्यापीठातून वैद्यकाची पदवी मिळवली. ज्यांची बुद्धी मंद समजली जाई, अशा मुलांसाठी त्यांनी प्रारंभी काम केले. सेगँ नावाच्या फ्रेंच वैद्याने अशा मुलांना हातांच्या कामांतून शिकवले होते. त्याच्या ग्रंथांचा त्यांनी कसून अभ्यास केला. पुढे ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधील सान लोरेन्झो या कामकऱ्यांच्या वस्तीत त्यांनी 'बालकांचे घर' उघडले. तेथे येणाऱ्या मुलांचे आईबाप दिवसभर कामावर जात. ही मुले स्वतःची कामे स्वतः करू लागली, तरच त्यांचे दिवस सुखाचे होणार होते.

माँटेसरी यांनी मुलांसाठी लाकडी चौकटी तयार करविल्या. प्रत्येक चौकटीला दोन बाजूंनी कापडाचे किंवा कातड्याचे दोन तुकडे जोडलेले असत आणि ते मध्यभागी एकमेकांशी जुळवावयाचे असत. एका चौकटीवर मोठ्या गुंड्या, दुसरीवर टिचबटणे, तिसरीवर हूक आणि त्यांची कडी, चौथीवर बांधावयाचे बंद, पाचवीवर छिद्रांतून ओवावयाची नाडी, अशी त्यांची रचना होती. एका चौकटीवर एकच अडचण असावी, हा तिचा मुख्य नियम. ज्याला गुंडी शिकावयाची आहे, त्याच्यापुढे त्या वेळी बक्कल आणि नाडी यांची गर्दी करावयाची नाही.

शिक्षिका मुलाजवळ बसून, काही न बोलता, अतिशय सावकाश एकेक गुंडी काढून दाखवी व पुन्हा लावून दाखवी. मग चौकट मुलाच्या हाती देई. मूल तेच काम दहादा करी, वीसदा करी. चुकले, तर कोणी रागावत नसे. कारण चूक कापडावरच दिसे. एखादी गुंडी उरली किंवा कापड वाकडे झाले, की मूल स्वतःच ओळखी, की काहीतरी चुकले आहे. अशा सरावानंतर मुलाला एके दिवशी आपल्या अंगावरच्या कपड्याकडे पाहून शोध लागे, की हे तर आपल्याला येते! मग ते दुसऱ्याची मदत नको म्हणू लागे.

१९३९ साली माँटेसरी भारतात आल्या. मद्रासजवळील अड्यार येथे त्यांनी शिक्षकांचे वर्ग घेतले. इकडे ताराबाई मोडक यांनी त्यापूर्वीच भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्यासह बालशिक्षणाच्या कार्याला वाहून घेतले होते. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डी येथे ग्रामीण मुलांसाठी काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. पुढे १९५७ साली हे कार्य जवळच्या कोसबाड येथे गेले. परदेशी पद्धतीची महागडी साधने खेड्यातल्या बालवाडीला परवडण्याजोगी नव्हती. तेव्हा पाने, बिया, खडे, शिंपले अशा भोवतालच्या वस्तूंतूनच या दोघींनी शिक्षणाची साधने उभी केली. साधन मोलाचे ठरते ते किमतीमुळे नव्हे, तर त्यामागील विचारामुळे, हे त्यांनी दाखवून दिले.

चौकटीने बोटे तयार होतात, हे खरे. परंतु कपडे घालणे म्हणजे केवळ गुंडी लावणे नव्हे. चौकटीला हात नसतात. त्यामुळे बाही कशी चढवावी, हे ती सांगू शकत नाही. तिला डोके नसते. म्हणून गळा कोठून घालावा, हेही तिच्यावर शिकता येत नाही. आत काय घालावयाचे आणि वर काय, पुढची बाजू कोणती आणि मागची कोणती, हे प्रश्न चौकटीपुढे येतच नाहीत. ज्याला हात, पाय, डोके आणि पाठ आहे, असे काहीतरी येथे हवे असते. बाहुली येथे उपयोगी पडते.

शिवाय बाहुली ही मुलांची जुनी सोबतीण आहे. महाराष्ट्रातील घरांत भातुकलीच्या खेळात लाकडी ठकीपासून चिंधीच्या बाहुलीपर्यंत अनेक बाहुल्या नांदल्या. बाहुलीला थंडी वाजते, तिला बाहेर जावयाचे असते, तिचे लग्न असते. तिला कपडे घालण्यास मुलाजवळ नेहमीच काही ना काही कारण असते. इतर वेळी मोठी माणसे मुलाला कपडे घालतात. बाहुलीशी खेळताना मूल स्वतः मोठे होते आणि बाहुली लहान होते.

अमेरिकेत १९७० च्या दशकात प्लेस्कूल या खेळण्यांच्या कंपनीच्या 'ड्रेसी बेसी' आणि 'डॅपर डॅन' या कापडी बाहुल्या घरोघर गेल्या होत्या. त्यांच्या अंगावर गुंडी, टिचबटण, चेन, बक्कल आणि बुटांची नाडी असे सारे एकत्र होते. एक मुलीच्या रूपात आणि एक मुलाच्या रूपात होती. कारण कपडे घालणे हे मुलग्यांनाही शिकावेच लागते.

अशी शिकवणारी बाहुली तयार करावयाची झाली, तर कोणत्या गोष्टी पाहाव्या लागतात? वरवर पाहता हे काम सोपे वाटते. परंतु दुकानातील सुंदर बाहुली हातात घेतली, की अडचणी दिसू लागतात. तिच्या पोलक्याची बटणे मसुराएवढी असतात. पाठीवरची चेन झालरीखाली लपलेली असते. तिची बोटे सुटी आणि ताठ असल्यामुळे ती बाहीत अडकतात. पुष्कळदा तिचे कपडे अंगालाच शिवलेले असतात. अशी बाहुली पाहावयास छान असते. पण तिच्यापाशी शिकण्याजोगे थोडेच असते.

शिकवणाऱ्या बाहुलीचे अंग मऊ कापडाचे असावे, म्हणजे तिचे हात वळतात. पंजाला सुटी बोटे न काढता केवळ अंगठा वेगळा ठेवावा. मग बाही विनासायास चढते. तिचे डोके फार मोठे नसावे, किंवा असल्यास गळा तेवढा रुंद कापावा. नाहीतर सदरा कपाळावर अडकेल आणि दोष मुलाच्या माथी येईल. बाहुली अगदी हलकी असली, तर कपडा ओढताच तीही मागोमाग येते. म्हणून तिच्या खालच्या भागात घट्ट शिवलेल्या दुहेरी पिशवीतून थोडे वजन भरावे.

कपड्याचे कापड खादीसारखे किंवा मांजरपाटासारखे भक्कम असावे. रेशमी कापड बोटांतून निसटते. सदऱ्याचा आणि गुंडीचा रंग वेगवेगळा असावा, म्हणजे नजर नेमकी गुंडीवर जाते. काजाच्या लांबीचाही एक हिशेब आहे. गुंडीचा व्यास आणि तिची जाडी यांची बेरीज करावी, म्हणजे काजाची लांबी मिळते. २५ मिलिमीटर व्यासाच्या आणि ४ मिलिमीटर जाडीच्या गुंडीला २९ मिलिमीटरांचे काज लागते. शिकाऊ बोटांसाठी शिंप्याने ते आणखी थोडे सैल ठेवावे. गुंडी कापडाला अगदी चिकटवून न टाकता दोऱ्याचा छोटासा दांडा ठेवून टाकली, तर ती तिरपी करणे सोपे जाते.

बाहुलीला समोर बसवले, की एक निराळीच अडचण उभी राहते. तिचा उजवा हात मुलाच्या डाव्या हाताकडे येतो. तिच्या गळ्याची गुंडी मुलाला समोरून दिसते. स्वतःच्या सदऱ्याकडे मात्र मान वाकवून वरून पाहावे लागते. गळ्याजवळची गुंडी तर दिसतच नाही. ती केवळ बोटांनी शोधावी लागते. म्हणजे समोरच्या बाहुलीवर शिकलेले सारे स्वतःच्या अंगावर येताना उलटे होते. बाहुलीवर सराईत झालेले मूल स्वतःच्या सदऱ्यापुढे पुन्हा अडखळते, यात नवल ते काय?

यावर तोड साधी आहे. बाहुलीला मांडीवर बसवावे आणि तिची पाठ आपल्या पोटाशी टेकवावी. आता दोघांची तोंडे एकाच दिशेला होतात. बाहुलीचा उजवा हात तो आपल्या उजव्या बाजूला, आणि तिच्या गुंड्या आपल्या गुंड्यांसारख्याच वरून दिसणाऱ्या. त्यासाठी बाहुली कमरेत वाकणारी हवी. तिची उंचीही बेताची, सुमारे हातभर हवी, म्हणजे ती मांडीवर बसल्यावर तिचा गळा मुलाच्या हनुवटीखाली राहतो. एवढ्या एका बदलाने बाहुलीवरील शिक्षण मुलाच्या स्वतःच्या अंगापर्यंत पोचते.

कपडे घालण्यापूर्वी मूल कपडे काढावयास शिकते. कारण काढणे सोपे असते. म्हणून बाहुलीचा पहिला खेळ तिला उतरवण्याचा असावा. बंद करण्याच्या साधनांचाही क्रम लावता येतो. प्रारंभी वेल्क्रोची पट्टी सोपी. जॉर्ज दि मेस्त्राल नावाच्या स्विस अभियंत्याच्या कुत्र्याच्या केसांत रानातील काटेरी बोंडे चिकटली होती. त्यांच्या टोकांच्या सूक्ष्म आकड्यांवरून त्याला तिची कल्पना सुचली. त्यानंतर मोठी गुंडी घ्यावी आणि नंतर टिचबटण. कारण त्याला चिमटीत बळ लागते. चेनचे खरे अवघड काम वर ओढण्याचे नसून खालची दोन टोके जुळवण्याचे आहे. म्हणून पहिली चेन खालून जोडलेली असावी आणि तिच्या कडीत बोट जाईल एवढे वळे असावे. बक्कल त्यानंतर आणि नाडीची गाठ सर्वांत शेवटी.

गाठीला मोठा धीर लागतो. सुरगाठ बांधावयाची असता घाईत निरगाठ बसते आणि मग ती सोडवता सोडवता नखे दुखतात. नाडीची दोन टोके दोन रंगांची ठेवली, तर तांबडे टोक निळ्यावरून गेले की खालून, हे मुलाला स्पष्ट दिसते. तरीही पाचव्या-सहाव्या वर्षापूर्वी बहुतेक मुलांना बुटाची नाडी बांधणे साधत नाही. ते मंदपणाचे लक्षण नव्हे. बोटांनाही वाढण्यास वेळ लागतो.

शिकवण्याची आणखी एक युक्ती आहे. ती म्हणजे काम शेवटाकडून शिकवणे. मोठ्या माणसाने गुंडी काजातून अर्धी बाहेर काढून द्यावी आणि शेवटचे ओढणे मुलाने करावे. ते जमले, की शेवटच्या दोन पायऱ्या मुलाच्या, मग तीन. काम कितीही थोडे असो, ते पुरे करण्याचा आनंद प्रत्येक वेळी मुलालाच मिळतो. प्रारंभापासून शिकवले, तर मूल मध्येच अडते आणि शेवट नेहमी दुसऱ्याच्या हातून होतो.

बाहुली करणाऱ्याने मुलाच्या जिवाचाही विचार केला पाहिजे. लहान मुले हाती येईल ते तोंडात घालतात. सुटलेली गुंडी घशात अडकली, तर श्वास कोंडतो. म्हणून तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांची परीक्षा एका नळकांड्याने घेतात. त्याचा व्यास ३१.७ मिलिमीटर असतो. खेळण्यापासून सुटून येणारा कोणताही तुकडा त्यात पूर्णपणे मावता कामा नये. २५ मिलिमीटरांची गुंडी त्यात सहज मावते. म्हणजे गुंड्यांची बाहुली तीन वर्षांवरील मुलांसाठीच योग्य, आणि तिच्याही गुंड्या ओढून सुटणार नाहीत अशा पक्क्या शिवलेल्या हव्यात. गळ्याभोवती गुंडाळता येईल अशी लांब दोरी तर तिला नसावीच. भारतात १ जानेवारी २०२१ पासून विक्रीच्या खेळण्यांवर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह आवश्यक झाले आहे.

काही मुलांना मात्र हे शिक्षण अधिक कष्टाचे असते. कोणाचा एक हात दुबळा असतो, कोणाची बोटे ताठ राहतात, कोणाला डोळ्यांनी दिसत नाही. अशा माणसांना नित्याची कामे पुन्हा करता यावीत, यासाठी व्यवसायोपचार नावाचे शास्त्र आहे. त्याचे भारतातील पहिले विद्यालय कमला निंबकर यांच्या प्रयत्नांनी १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात सुरू झाले. या शास्त्रातील एक साधा नियम असा: सदरा घालताना दुबळा हात आधी बाहीत घालावा आणि काढताना तो सर्वांत शेवटी काढावा. असे केल्याने धडधाकट हाताला हालचाल करण्यास जागा राहते. बाहुलीच्या एका हाताला फीत बांधून तो दुबळा मानला, तर मुलाला हा नियम खेळता खेळता कळतो. अंध मुलासाठी सदऱ्याच्या मागच्या बाजूस, गळ्याशी, दोऱ्याची एक टपोरी गाठ शिवावी. बोटांना ती लागली, की पाठ कोणती, हे न पाहताच समजते.

अशा मुलाने पहिली गुंडी लावली, म्हणजे नेमके काय घडते? सदरा तर कोणीही लावून दिला असता. पण उद्या सकाळी त्याला कोणाची वाट पाहावी लागणार नाही. ज्याला दुसऱ्याने वाढवले, नेसवले, बांधले, त्याला आपल्या शरीरावर आपला अधिकार आहे, हे प्रथमच जाणवते. गुंडी लहान असते. ही जाणीव लहान नसते.

अशी बाहुली घरीही करता येते. जुन्या धोतराचे किंवा चादरीचे कापड, आत भरावयास स्वच्छ चिंध्या, बाबांच्या जुन्या कोटाच्या मोठ्या गुंड्या आणि थोडी चिकाटी एवढे साहित्य पुरे. अकरा-बारा वर्षांच्या कोणत्याही मुलामुलीला धाकट्या भावंडासाठी ती शिवता येईल. मात्र बाहुली शिवून झाल्यावर याहून कठीण असे एक काम उरते. धाकटे भावंड गुंडीशी झटत असता त्याच्या शेजारी स्वस्थ बसावयाचे. त्याची गुंडी निसटेल, पुन्हा निसटेल. आपली सराईत बोटे पुढे होऊ पाहतील. त्या वेळी त्यांना आवरावयाचे.

आणि मग केव्हातरी, कोणाच्याही मदतीवाचून, ती गुंडी काजातून बाहेर येते. मूल मान वर करून पाहते. सदऱ्याची एक बाजू कदाचित वर आणि दुसरी खाली झालेली असते. त्या दिवशी ती तशीच राहू द्यावी.